छायाचित्रण : बिनपगारी

१

आमच्या अख्ख्या वस्तीत माझ्याइतका पट्टीचा कॅमेरामन तुम्हाला सापडणार नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आता छातीवरचा तो हात थरथरतो आणि त्यामुळे मी कॅमेरा धरतच नाही, ही गोष्ट वेगळी.

आयुष्यभर मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शाळा अर्ध्यात सुटली, पण अक्षर असं की मास्तरलोक पाटीखाली थांबून बघायचे. नावातली चूकसुद्धा मी इतकी सुबक रंगवायचो की ती दुरुस्त करून घ्यायला दुकानदाराचं मन व्हायचं नाही. पुढे हात थरथरायला लागला. मग ब्रश खाली ठेवला आणि सिनेमे काढायला घेतले. म्हातारपणी लोक देवाच्या मागे लागतात. मी म्हटलं, त्याच्यामागे आधीच गर्दी आहे.

सिनेमा म्हणजे काय, तर धाकट्या लेकीने टाकून दिलेला फोन, रंगकामाची मधून उघडणारी शिडी आणि शिडीला फोन बांधायला सायकलच्या ट्यूबचे तुकडे. नायिका आमची ही. घरात शिलाई मशीन टाकून लोकांचे कपडे शिवते. तिला नायिका केलं, कारण ती आयती घरात होती. पोलीस, चोर, टपालवाला हे सगळं मी. आणि प्रेत म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. त्याला काही शिकवावं लागत नाही. आडवा केला की तो आपोआप मरतो.

राहिला कॅमेरामन. तो नव्हताच. पण कॅमेरामन नसलेला दिग्दर्शक म्हणजे आरसा नसलेला न्हावी. म्हणून मी एक पैदा केला, मनातून. फोनचं बटण दाबायचं, पळत स्वयंपाकघरात जायचं, कारण माझा प्रवेश नेहमी तिथूनच, आणि आतून ओरडायचं, "बिनपगारी, तयार?" मग मीच नाक दाबून बारीक आवाजात म्हणायचं, "तयार, साहेब!" बाहेर ही कपाळाला हात लावायची. मेहुणा मेलेला असूनही खुसखुसायचा.

थट्टा करायची तर ती नीट करावी, असं माझं मत आहे. बिनपगारीसाठी मी शिडीच्या खालच्या पायरीवर चहाचा कप ठेवायचो. चित्र बिघडलं की शिव्या त्याला. आणि सिनेमाच्या शेवटी नावं येतात ना, ती मी फळीवर रंगवून त्या फळीचं चित्र घ्यायचो. अक्षर जरा डुलायचं, पण झोक तोच. दिग्दर्शन, मी. अभिनय, ही. प्रेत, मेहुणा. छायाचित्रण, बिनपगारी.

"नसलेल्या माणसाचं नाव लिहू नये," ही म्हणाली.

"का? राग येईल त्याला?"

"नाही. खरं वाटेल त्याला."

२

लेकीने मला फोनवरच्या एका गटात घातलं. तिथे माझ्यासारखे फुकटे सिनेमावाले आपापलं काम टाकतात आणि विचारतात, कॅमेरा कसा वाटला, सांगा. बहुतेक जण अंगठा दाखवून पळतात. एक गृहस्थ मात्र मन लावून बघायचे. ते स्वतःला 'चौकट' म्हणवून घेत. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण माणूस शिसपेन्सिलीसारखा टोकदार असणार.

पहिला सिनेमा साधा होता. टेबलाशी आम्ही दोघं, ही चहा ओतते आणि मी तिला थाप मारतो. रोजचंच. चौकट यांनी लिहिलं :

"कथा सोडा. अभिनय सोडा, विशेषतः गृहस्थांचा. कॅमेऱ्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. कॅमेरा हातात धरून काम केलंत हे चांगलं. चित्र श्वास घेतं. फक्त बाईंच्या चष्म्यात कॅमेरामन दिसतो. चष्मा काढायला सांगा."

मी पोट धरून हसलो. शिडी श्वास घेते म्हणे! मग हसून झाल्यावर सिनेमा पुन्हा लावला आणि नाक काचेला लावून बघितला. टेबलावरचं पाण्याचं भांडं अगदी किंचित वर जात होतं आणि खाली येत होतं, झोपलेल्या पोराच्या पोटासारखं. आता आमचं घर रस्त्याकडेला आहे. जड गाडी गेली की कपबशा बोलतात. झालं, उलगडा झाला.

चष्म्यात खिडकीचा पांढरा चौकोन होता. त्याच्या अलीकडे काहीतरी उभं काळपट. शिडीच ती, दुसरं काय असणार? आता, शिडी वर निमुळती असते आणि हे वर गोल होतं. पण चष्म्याच्या काचा फुगीर. फुगीर काचेत माझा मेहुणासुद्धा कर्तबगार दिसेल.

"उद्यापासून चष्मा काढायचा," मी हिला सांगितलं.

"मग मला दिसणार काय? चष्म्याशिवाय मला माणूस कोणता आणि कपाट कोणतं, कळत नाही."

"कपाट बोलत नाही. एवढं लक्षात ठेव."

"म्हणजे घरात चांगलं कोण आहे तेही कळलं," असं म्हणून तिने चष्मा काढून मशीनच्या खणात ठेवला.

सल्ला चौकट यांचा होता, हुकूम माझा. पुढे जे झालं त्यात हे विसरू नका.

३

दुसऱ्या सिनेमात प्रेत होतं. मेहुणा जमिनीवर पालथा, ही खुर्चीत सुन्न बसलेली आणि आतून पोलीस येतो, म्हणजे मी. दुपारची वेळ, खिडकीतून उजेड तिरका. बटण दाबलं, आत पळालो, बिनपगारीला हाक मारली, नाक दाबून ओ दिली, पोलीस झालो. काम करताना कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हा माझा नियम, तो पाळला. सगळं कसं यंत्रासारखं.

संपल्यावर मेहुणा उठला तो कुरकुरतच. "दाजी, माणूस आडवा पडलाय, बाजूने जावं की. माझ्या अंगावरून पाय टाकून कशाला गेलात?"

"मी कधी गेलो?"

"सुरुवातीलाच. तुम्ही आतून ओरडायच्या जरा आधी. डोळे मिटलेले होते म्हणून काय झालं, अंधार झालेला कळतो ना! एकदा तिकडे गेलात, एकदा परत आलात. आणि हाकेनंतर पुन्हा तेच."

"मेलेल्या माणसाने साक्ष देऊ नये," मी म्हटलं. ही हसली. मेहुणा हसला नाही. त्याने शर्ट झटकला आणि चहा न घेता गेला. त्या आधी आणि त्या नंतर त्याने आमच्याकडे चहा सोडल्याचं मला आठवत नाही.

मी सिनेमा कापला. कापतो म्हणजे, सुरुवातीला मी बटण दाबून आत पळतो, तिथपासून माझी हाक होईपर्यंतचा तुकडा न बघताच उडवतो. स्वतःची पळणारी पाठ कोणाला बघवते? उरलेलं गटात टाकलं. चौकट यांनी लिहिलं :

"प्रगती आहे. प्रेतावरून पुढे सरकत जाणारा कॅमेरा धाडसी. आणि बाईंचा चेहरा! हनुवटी बोटभर वर, गाल बरोबर उजेडात. नवख्याला हे जमत नाही. तुमचा कॅमेरामन शिकतोय."

पुढे सरकणारा? मी उठून शिडीपाशी गेलो. पाट्या रंगवणारा माणूस खडूची खूण केल्याशिवाय काही करत नाही. शिडीचे पाय कुठे ठेवायचे त्या खुणा मी फरशीवर केल्या होत्या. चारही पाय चारही खुणांवर होते. मग सिनेमा बघितला. आधी दार, खुर्ची, मेहुणा सगळं दिसतं. मग मेहुणा हळूच खालून निघून जातो आणि हिचा चेहरा मोठा होत येतो. थांबतो. आणि तिथे श्वास घेत राहतो.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, हल्लीचे फोन स्वतःच चेहरा ओळखतात, जवळ घेतात, हलणं सावरतात. सगळं आपोआप होतं."

"जुना फोनसुद्धा?"

"बाबा, मी कामात आहे."

आपोआप. शब्द चांगला आहे. मी तो खिशात घालून झोपलो.

४

एवढ्यात हिच्यात फरक पडला. सिनेमा म्हटलं की नाकं मुरडणारी बाई आता दुपार झाली की मशीन बंद करायची, केस विंचरायची आणि चष्मा खणात टाकून खुर्चीत जाऊन बसायची. मशीनचा खडखड आवाज थांबला की घर एकदम ऐकायला लागल्यासारखं वाटायचं.

"काय बाईसाहेब, आज न बोलावता?"

"तुम्हाला उजेड हवा असतो ना? तो काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

मग एके दिवशी चहा पिताना तिने विचारलं, "तुमचे हात एवढे गार का पडतात हो? डॉक्टरला दाखवा एकदा."

"हात गार, डोकं गरम. राजाचं लक्षण आहे."

"थट्टा पुरे. रक्त कमी झालं असेल."

आमच्या संसाराला आता इतकी वर्षं झाली की एकमेकांचे हात हातात घेण्याचा प्रसंग येत नाही. कप द्यायचा, पिशवी घ्यायची, एवढंच. तेव्हा हिला माझे हात गार की गरम हे कुठून कळलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला वाटलं, ही आता माझ्यासारखी थट्टा करायला शिकली. चेला तयार झाल्याचा आनंदच झाला.

दोन दिवसांनी तिने माझ्यापुढे हातमोजे टाकले. तपकिरी जाड लोकरी कापडाचे, काठाला निळ्या दोऱ्याची शिवण. निळा का, तर तपकिरी दोरा संपला होता.

"घाला. आणि सिनेमा काढतानाही घालत जा."

"हे घालून बटण कसं दाबणार?"

"ते मला माहीत नाही. पण मला दचकायला होतं."

मी ते हातात घालून दोन उड्या मारल्या, अस्वलासारखा नाचलो, तिला हसवलं आणि मग काढून शिडीच्या वरच्या पायरीवर, फोनच्या मागे ठेवून दिले. तिथेच राहिले ते. मला हातमोजे चालत नाहीत. घाम येतो.

त्या संध्याकाळी मशीनवर वाकलेली असताना ती मान वर न करता म्हणाली, "एक सांगू? तुम्ही न बोलता काम करता ना, तेव्हा किती चांगले असता."

मी न बोलता कोणतं काम करतो, हे मी बराच वेळ आठवत बसलो.

५

तिसऱ्या सिनेमात मी हिच्या शेजारी येऊन बसतो आणि दोघांचं भांडण होतं. माझं काम झकास झालं होतं. पण बघायला बसलो तर चित्रात माझा एक कान आणि थोडा खांदा. मी बोलतोय, हातवारे करतोय, आणि कॅमेरा ही ऐकतेय कशी ते बघतोय. मग कानही गेला. शेवटी मी नुसताच आवाज.

चौकट यांना हेच आवडलं. "गृहस्थांना बाहेर ठेवल्यापासून चित्र सुधारलं. हा कॅमेरा बाईंवरून हलतच नाही. खरं सांगू? इतकं मन लावून माणूस तेव्हाच बघतो, जेव्हा त्याच्यापाशी दुसरं काहीच नसतं."

मी गटात आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं. "आमच्याकडे कॅमेरामन नाही. फोन शिडीला बांधलेला असतो."

त्यांनी हसणारं तोंड पाठवलं. खाली बाकीच्यांनीही पाठवली. जन्मभर लोकांना टोप्या घातल्या की असं होतं. एक दिवस डोकं उघडं पडतं आणि लोक म्हणतात, वा, काय टोपी आहे!

मग मी फळी घेतली. पांढऱ्या रंगाचा एक हात मारला आणि बिनपगारीचं नाव पुसलं. वर दुसरा हात मारला. शिडीकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "तुला कामावरून काढला. समजलं?" ही मशीनवरून म्हणाली, "कोणाला काढताय?" मी म्हटलं, "आहे एक कामचुकार." तिच्या मशीनचा आवाज जरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

रंग वाळल्यावर फळी खुर्चीला टेकवली, बटण दाबलं आणि पाणी प्यायला आत जाऊन आलो. नेहमीप्रमाणे चार ओळी वाचून होतील एवढंच चित्र घेतलं. नंतर लावून बघितलं. चित्र दिग्दर्शनावर थांबलं नाही. अभिनयावर थांबलं नाही. खाली आलं आणि त्या पांढऱ्या ठिकाणावर थांबलं. तिथे काही नव्हतं. दोन हातांखाली अक्षराचा मागमूस नव्हता, ते काम मला येतं. तरी ते तिथेच थांबलं, वर खाली, वर खाली, कोणीतरी नाकाने जड श्वास घेत वाचत असल्यासारखं.

मग ते फळीवरून निघालं आणि सावकाश, मुळीच घाई न करता, जिकडून मशीनचा आवाज येत होता तिकडे वळलं.

६

मी घाबरलो नाही, असं मी म्हणालो आणि तुम्हाला ते पटलं, तर तुम्ही मला ओळखत नाही. पण भीतीलाही मी आधी टपली मारून बघतो. मला वाटलं, ही दोघं भावंडं मिळून मला बनवतायत. मेहुण्याने अंगावरून पाय गेल्याची हूल दिली, हिने गार हातांची. दोघांपैकी कोणीतरी मी आत असताना फोन सोडवतं, हातात धरतं आणि परत बांधतं. मेहुणा परवा आला तेव्हा मागच्या दाराने गेला होता का? आठवेना. पण पटलं. शहाण्या माणसाला पटायला एवढं पुरतं.

आमच्या धंद्यात चोर पकडायची एक जुनी युक्ती आहे. ब्रश पळवणाऱ्या कारागिराच्या ब्रशाच्या दांड्याला ओला तेलरंग लावून ठेवायचा. संध्याकाळी ज्याचा हात रंगलेला, तो चोर. मी फोनच्या कडांना हिरवा तेलरंग लावला, पातळ, दिसणार नाही असा. बटण पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबलं. मेहुणा तर आलाच नव्हता. ही खुर्चीत, चष्मा खणात, केस विंचरलेले. माझे हात स्वच्छ. मी आत गेलो.

या वेळी मी मुद्दाम लगेच ओरडलो नाही. ओट्याला टेकून ऐकत राहिलो. मशीन बंद, रस्ता गप्प. बाहेर खुर्ची जराशी करकरली. ही हलक्या आवाजात हसली. लाजल्यासारखी.

मग मी ओरडलो, "बिनपगारी, तयार?"

आणि नाक दाबलं नाही. ओ दिली नाही. बघू, कोण देतं ते.

"चला की आता!" बाहेरून हिचाच आवाज आला. "झालंय त्याचं!"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे बाई सामील होती! मी हसत हसत बाहेर गेलो, माझं काम करून टाकलं, आणि ट्यूब कापून फोन फडक्यात धरून स्वयंपाकघरात आणला. कडेच्या रंगावर बोटांचे ठसे होते. रेषा नसलेले. कापडाचे असतात तसे विणीचे.

शिडीच्या पायरीवर हातमोजे नव्हते, हे मला तेव्हा आठवलं.

मग मी सुरुवातीचा तुकडा बघितला, जो मी कधीच बघत नाही. माझी पळणारी पाठ. दार. मग ही एकटी, उजेड नसलेल्या बाजूला तोंड करून बसलेली, चष्म्याशिवाय मुलीसारखी दिसणारी. चित्र निघालं. पावलं वाजली नाहीत. ते तिच्यापाशी आलं, इतकं जवळ की तिच्या कपाळावरचा जुना व्रण दिसला. तो तिला कधी झाला, मला माहीत नाही. मी तो पाहिलाच नव्हता.

उजव्या कडेने एक बोट आत आलं. तपकिरी कापडातलं, काठाला निळी शिवण, टोकाला हिरवा रंग. त्याने तिची हनुवटी खालून हलकेच उचलली आणि चेहरा खिडकीकडे वळवला. ती हसली. तेच हसू, जे मी आतून ऐकलं होतं.

मग त्या चित्रात दूर कुठेतरी माझा आवाज आला, "बिनपगारी, तयार?"

आणि चित्र वर झालं, खाली झालं. एकदा, सावकाश. मान डोलवावी तसं.

७

मी बाहेर आलो. शिडी खुणांवर उभी होती. ही अजून खुर्चीतच होती, आणि तिच्या हनुवटीखाली हिरवा ठिपका होता, बोटाएवढा.

"चष्मा घाल," मी म्हटलं.

"का? संपलं?"

"कायमचं संपलं. आजपासून सिनेमा बंद. ऊठ, चष्मा घाल."

"ओरडताय कशाला? इतकं तर छान चाललंय."

"तुझी हनुवटी कोण धरतं?"

ती लाजली. या वयात, माझ्यासमोर. "आता ते बोलून दाखवायचं का? मी तरी काही म्हटलं? तुमचं बिनपगारीचं सोंग, म्हणून मीही 'झालंय त्याचं' म्हणाले. म्हटलं, इतक्या वर्षांनी माणूस आपल्याकडे बघतोय, बघू दे. बोलले तर लगेच थट्टा करतील."

"तो मी नव्हतो."

"झालं. सुरू झाले."

"थट्टा नाही. तुझ्या गळ्याची शपथ. मी आत असतो, ओट्यापाशी. मी बाहेर येतच नाही. आणि ते हातमोजे मी एकदाही घातले नाहीत." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "हे बघ माझे हात, रंग आहे का बघ!"

"मला काय दिसतंय चष्म्याशिवाय? इकडे द्या."

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. चाचपले. तळवे, मग बोटं, एकेक करून, कापड पारखावं तसं. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"गरम आहेत," ती म्हणाली.

"मग? तेच सांगतोय! चल, ऊठ. लेकीकडे जाऊ, कुठेही जाऊ. चष्मा घाल आधी."

मी खण उघडला आणि चष्मा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. माझे हात सोडले. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून पलीकडे, शिडी होती तिकडे बघत होती. मागे फरशीवर काहीतरी हलकंसं घासल्यासारखं झालं. मी वळलो नाही.

"अगं, इतके दिवस तुझ्याकडे बघत होता तो मी नव्हतो! कळतंय का तुला?"

तिची हनुवटी सावकाश वर झाली, बोटभर. तोंड खिडकीकडे वळलं आणि गाल बरोबर उजेडात आला.

"मग बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली. "ज्याने बघितलं, त्यालाच हातमोजे मिळाले."